चार महिन्यांसाठी ठेवलेल्या पोरी

कापसाची पहिली वेचणी चालू होती. जानकीबाई कमरेला ओटी बांधून कपाशीच्या तासात वाकलेली, तेवढ्यात आश्रुबा बांधावर येऊन उभा राहिला.

"जानके, सुरेखाचं जमवलंय. येत्या सोमवारी उरकून टाकू."

जानकीबाईचा हात बोंडातच राहिला. "काय उरकायचं?"

"लगीन. पोरगं चांगलं हाय. दिवाळीनंतर त्यांना ऊसतोडीला जायचंय. नवराबायकोची जोडी असल्याबिगर मुकादम कोयता धरीना, कामावर घेईना."

"पोरगी चौदाची हाय, आश्रुबा. नववीत हाय."

"मग? शिकून कलेक्टर व्हायलीय का?"

"न्हाई द्यायची मला."

"तू कोन गं तिची? मी सख्खा चुलता हाय. तू कोन?"

शेजारच्या तासांत आम्ही सात-आठ बाया होतो. एकीनंही मान वर केली नाही. मी पण नाही.

तसं बघितलं तर जानकीबाई त्या पोरींची कुणीच नव्हती. सहा वर्सांमागं पोरींचे मायबाप, आसाराम आणि विमल, ऊसतोडीला निघाले, तेव्हा शाळा बुडू नये म्हणून आठ वर्सांची सुरेखा आणि तीन वर्सांची मैना तिच्याकडं ठेवून गेले. चार महिन्यांचाच प्रश्न होता. जानकीबाई एकटी. तरणेपणीच गर्भाची पिशवी काढून टाकली, मग नवऱ्यानं दुसरी केली, तेव्हापासून वस्तीच्या टोकाला पत्र्याच्या खोलीत राहायची. संक्रांतीच्या तोंडावर खबर आली, उसाची ट्रॉली उलटली अन् दोघंही खाली सापडले. आश्रुबा भावाच्या मातीला लई रडला. तेराव्याला जेवला आणि पोरींचं नाव न काढता निघून गेला.

तेव्हापासून पोरी जानकीबाईच्याच. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाताना मैनाला कडेवर घ्यायची. मैनाला डांग्या खोकला झाला तेव्हा पाठीवर बांधून रोज सरकारी दवाखान्याची वाट तुडवली. भाकरी कमी पडली की म्हणायची, "खावा तुमी, मला उपास हाय." तिचे उपास लई असायचे.

आश्रुबा लग्नाचं सांगून गेल्यावर दुसऱ्याच दिवशी ती पहाटेच्या एसटीनं बीडला गेली. कुठल्या ऑफिसात जायचं ते ठाऊक नव्हतं. विचारत विचारत तीन दारं फिरली, चौथ्या दारात एका मॅडमनं तिचं ऐकून घेतलं. शनिवारी त्या ऑफिसची जीप वस्तीवर आली. आश्रुबानं लिहून दिलं, पोरगी अठराची होईस्तोवर लग्न करणार नाही म्हणून.

लग्न मोडलं, पण त्याच्याबरोबर वस्तीही जानकीबाईपासून मोडली. तिला कुणी वेचणीला बोलवेना. हापशावर ती आली की बाया हंडे उचलून वाटेला लागायच्या. हे तिनं सोसलं असतं. पण सुरेखाच फिरली. चुलत्यानं तिला पिवळी साडी दाखवली होती, पैंजण दाखवले होते.

"माझी माय असती तर तिनं माझं लगीन मोडलं नसतं," पोरगी म्हणाली, ते आम्ही शेजारी आमच्या अंगणात ऐकलं.

महिनाभर पोरगी तिच्याशी बोलली नाही. ताट वाढलं की भिंतीकडं तोंड करून जेवायची. शाळेतही जाईना. नऊ वर्सांची मैना दोघींच्या मधी निरोप पोचवायची.

दिवाळी झाली. ट्रका भरायला लागल्या. त्या पोराला तोवर दुसरी नवरी मिळाली होती. त्यांची ट्रक दुपारी फाट्यावरनं गेली तेव्हा सुरेखा तिथंच उभी होती. मी त्या दिवशी ताक द्यायचं निमित्त करून जानकीबाईकडं गेलेले. मनाला खात होतं माझ्या. सुरेखा आली आणि उंबऱ्यावर बसली.

"तिला बघितलं," ती कुणाकडं न बघता म्हणाली. "भांड्याकुंड्यांवर बसली व्हती. माझ्यापेक्षा ल्हान हाय. पर रडत न्हवती. हसत व्हती. मला हात केला तिनं."

जानकीबाई निवडत होती ती बाजरी सुपातच राहिली. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग हळूच म्हणाली, "मी बी हसतच गेलते."

सुरेखानं पहिल्यांदा तिच्याकडं तोंड केलं. "किती वर्साची व्हतीस?"

"तुझ्याएवढी."

आणि मग जे तिनं आम्हा बायांनाही कधी सांगितलं नव्हतं, ते सांगितलं. पोटात दुखतंय म्हणून उसाची मोळी खाली ठेवली तर पडणारा मार. पोटातच गेलेली दोन लेकरं. पंचविशीच्या आत पिशवी काढली ती, आणि टाके ओले असताना परत फडात उतरली ती. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. उन्हं पत्र्यावरून खाली सरकली तरी सांगतच होती.

मी ताकाचा तांब्या ठेवून उठले. माझं तिथं काम नव्हतं.

सकाळी सुरेखा दप्तर घेऊन शाळेला निघाली. जानकीबाई दारात उभी राहून बघत होती. पोरीनं मागं वळून बघितलं नाही. पार फाट्याच्या वळणाआड जाईस्तोवर जानकीबाई तशीच उभी होती. मग ओटी कमरेला बांधून ती माझ्या दारात आली.

"तुझ्यासंगं वेचायला येऊ का गं आज?" तिनं विचारलं.

"ये," मी म्हणाले. आम्ही दोघी एका तासाला लागलो.