ठकूबाईची सुट्टी

“मंग? फुडं काय लिवलंय?”

ठकूबाईचे दोन्ही हात पिठात होते आणि तव्यावरची भाकरी करपायला लागली होती, पण तिची नजर सबनीससाहेबांच्या हातातल्या कागदावरून हलत नव्हती.

“भाकरी बघ आधी,” सबनीस म्हणाले. मग चष्मा सारखा करून त्यांनी इंग्रजी पत्राचा अर्थ सांगितला. “लिहितो, माझ्या आईने हट्टच धरलाय. जिने परक्या मुलुखात माझ्या पोराला मरणाच्या दारातून परत आणलं, तिला मला एकदा डोळ्यांनी बघायचंय म्हणते. मे महिन्यात पंधरा दिवस ठकूबाईने आमच्या बेटावर सुट्टीला यावं. तिला एकटीला जमणार नाही, तेव्हा मॅनेजरसाहेबांनी सोबत यावं. दोघांची विमानाची तिकिटं मी पाठवतो.”

भाकरी करपलीच.

पत्र निकोस नावाच्या ग्रीक इंजिनियरचं होतं. आदल्या वर्षी, शहाऐंशी साली, महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात यंत्रं बसवायला तो आला आणि सहा महिने कंपनीच्या गेस्ट हाउसात राहिला. सबनीस तिथले मॅनेजर आणि स्वयंपाक ठकूबाईकडे. ती दासगावची, पन्नाशीतली. ना मूल ना बाळ, नवऱ्याला जाऊन वीस वर्षं झालेली. ऐन पावसाळ्यात निकोसला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, पोटात पाणी ठरेना. डॉक्टर येऊन औषध देऊन जात, पण तासातासाला चमच्याने पेज भरवायची, ओकाऱ्या काढायच्या, अंग पुसायचं, हे कोण करणार? एकवीस दिवस ठकूबाई घरी गेली नाही. गुंगीत तो “मामा, मामा” करायचा. तिला वाटे, पोर मामाला हाका मारतंय. ती म्हणायची, “येतील हां तुजे मामा. तवर यवढी पेज घे.” त्यांच्याकडे आईला मामा म्हणतात, हे सबनीसांनी तिला नंतर सांगितलं. त्या दिवशी ती चुलीपाशी उगाच बराच वेळ बसून राहिली होती.

बेटाचं नाव नाक्सोस. शेजारच्या मैनेला ते ऐकून हसू आवरेना.

“नाकसूस? ह्ये कसलं गो नाव, पडसं झाल्यावानी! आन् तितं पंधरा दिस करायचं काय?”

“काय नाय. बसायचं. साहेब म्हनले, सुट्टी म्हंजे काय नाय करायचं.”

“नुस्तं बसायचं?”

“समुद्राकडं बगत.”

नुसतं बसणं ठकूबाईला माहीत नव्हतं. सवय करावी म्हणून एका रविवारी ती सावित्री नदीच्या काठाला जाऊन बसली. पाव तास पाण्याकडे बघितलं, मग उठली आणि ओहोटीच्या चिखलातल्या शिंपल्या वेचायला लागली. ओटीभर शिंपल्या घेऊन घरी आली तेव्हा मैनेला म्हणाली, “सुट्टी लय कठीन हाय गो.”

तरी तयारी चाललीच होती. महाडच्या बाजारातून तिने पट्ट्याच्या चपला आणल्या आणि त्या घालून अंगणात चालायला शिकली. सबनीसांनी तिला स्टुडिओत नेऊन पासपोर्टसाठी फोटो काढून घेतला, अर्जावर अंगठा घेतला. गावात मात्र कोणी विचारलं की तिला लाज वाटे. “जायाचं खरं मे म्हयन्यात,” एवढंच म्हणायची आणि मान खाली घालायची.

एप्रिल लागला तसे सबनीस तिच्याशी कमी बोलायला लागले. मेच्या पहिल्या आठवड्यात ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले.

“ठकूबाई, तुझा पासपोर्ट अडकला गं. जन्माचा दाखला नाही ना. निकोस म्हणाला, तिकीट वाया नको, तुमच्या बाईंना घेऊन या. आता तुझं पुढच्या वर्षी बघू.”

ती म्हणाली, “जावा तुमी. तिकीट वाया कशाला?”

दुसऱ्या दिवशी तिने एक पुडकं आणून दिलं. आमसुलं, कुळथाचं पीठ, तांदळाचे पापड, सगळं धुवट फडक्यात शिवलेलं. “म्हातारीला द्या. म्हनावं, पुढल्या साली मी नक्की येते. तवर धडधाकट ऱ्हा.”

साहेब-बाई गेले. दासगावच्या नाक्यावर पोरं ओरडायला लागली, “ठकूबाय, इमान चुकलं का गो? पोलादपूरची यष्टी तरी गाठ!” ती हसून पुढे जायची. पुढलं साल काही लांब नव्हतं.

जूनमध्ये सबनीसांनी बंगल्यावर चार अधिकाऱ्यांना चहाला बोलावलं. कांदाभजी तळायला ठकूबाई होतीच. ग्रीसच्या रंगीत फोटोंचा आल्बम पाहुण्यांच्या हातांतून फिरला आणि रिकाम्या बश्यांबरोबर आत ओट्यावर येऊन पडला. तिने पदराला हात पुसून तो उघडला. पांढरी घरं, निळंशार पाणी, गॉगल लावलेल्या सबनीसबाई. एका फोटोत भिंतीतल्या फळीवर देवीची तसबीर होती आणि तिच्याशेजारी चौकटीत ठकूबाई स्वतः होती. पुढे दिवा जळत होता. काळे कपडे घातलेली एक म्हातारी चौकटीला हात लावून उभी होती आणि निकोस मान खाली घालून.

सबनीसबाई साखर न्यायला आत आल्या.

“बाई, ह्यो माजा फोटो. म्होरं दिवा कशापायी?”

बाईंनी बाहेर नजर टाकली आणि आवाज खाली आणला. “अगं, काहीतरी सांगावं लागलं ना! आजारी म्हटलं असतं तर बरी झाल्यावर पाठवा म्हणाले असते. मग यांनी मार्चमध्येच कळवून टाकलं, की हार्टने गेली. निकोसनेच मग फोटो मागवून घेतला.”

“गेली?”

“नुसतं कागदावर गं. तुला काय झालंय? आहेस की ठणठणीत!”

“आन् माजा अर्ज?”

“तो यांच्या खणातच असेल.”

कढईतली भजी काळी पडायला लागली. ठकूबाईने ती झाऱ्याने उपसली.

“म्हातारी रडली?”

“विचारू नकोस. मला धरून रडली. तुझं पुडकं तर तिने उघडलंच नाही. तुझ्या हातचं शेवटचं म्हणून देवापाशी ठेवलंय.” साखरेचा डबा घेता घेता बाई म्हणाल्या, “माझ्यासाठी नाही हो कोणी असं रडायचं.”

“साहेबास्नी लिवायला सांगा. मी हाय म्हनून.”

“आता? यांची नोकरी जाईल, ठकूबाई. आणि यांची गेली तर तुझी राहील का?” बाई बाहेर गेल्या.

ठकूबाईने उरलेला घाणा तळला. ताट घेऊन ती दिवाणखान्यात गेली. एक पाहुणा पहिलं भजं खाऊन म्हणाला, “वा! ह्या कोण?”

“आमची स्वयंपाकीण,” सबनीस म्हणाले. ती त्यांच्याकडे बघत उभी राहिली. त्यांनी ताटातलं एक भजं उचललं, ते गरम होतं म्हणून परत ठेवलं, आणि दुसरं उचललं.

आत येऊन तिने कढई घासली, ओटा पुसला, कमरेची गेस्ट हाउसची किल्ली काढून ओट्यावर ठेवली आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

दासगावला उतरली तेव्हा उन्हं कलली होती. घरात न जाता ती परसात गेली आणि दगडावर बसून विहिरीचं थंडगार पाणी डोक्यावरून ओतून घेतलं. एक कळशी, मग दुसरी.

कुंपणापलीकडून मैना धावत आली. “ह्या टायमाला डोस्क्यावरनं पानी? कोन गेलं गो?”

“हाय यक. लांबची.”

“मंग सुतक?”

ठकूबाईने तोंडावर आलेले ओले केस मागे सारले.

“हिकडं कोन धरनार? तिकडं यक म्हातारी धरून हाय.”

कोरडं लुगडं नेसून तिने ओलं घट्ट पिळलं आणि दांडीवर वाळत घातलं.