इग्नासचं नाव कुठं घ्यायचं

चांगुणाबाईच्या घरात प्रार्थना झाल्याशिवाय चहाला आधण चढत नसे. अंबरनाथच्या त्या चाळीत शेजारचे स्टो भुरभुरू लागले, की ही बाई क्रुसाखाली मेणबत्ती लावायची, सुनेला गुडघ्यांवर बसवायची आणि देवाशी बोलायला लागायची. शाळा दुसरीपर्यंतच, पण प्रार्थना सगळ्या तोंडपाठ. नगरकडून आलेली त्यांच्या घरची रीत अशी, की आधी जित्यांची नावं घेऊन त्यांचा दिवस देवाच्या हवाली करायचा, आणि मग मेलेल्यांची नावं घेऊन त्यांना चिरशांती मागायची. एकीनं नाव घ्यायचं, दुसरीनं जबाब द्यायचा.

जुलैत उल्हास नदी काठावरच्या मांजर्ली वस्तीत शिरली तेव्हा तिचा एकुलता एक इग्नास मेव्हण्याचं सामान हलवायला गेला होता. मेव्हण्याला त्यानं माळ्यावर चढवलं आणि स्वतः पाण्याच्या लोंढ्यात गेला. पाणी ओसरल्यावर माणसांनी शहाडच्या पुलापर्यंत काठ धुंडाळला. हाती काही लागलं नाही.

तेव्हापासून रोज सकाळी चांगुणाबाई जित्यांमध्ये पहिलं नाव इग्नासचंच घेई. "इग्नासला सांभाळ." आणि आग्नेस, त्याची बायको, "प्रभू, आमचं ऐक" म्हणे. नाताळनंतर तिचे नुसते ओठ हलायला लागले.

एकदा कपडे पिळता पिळता ती म्हणाली, "आत्याबाई, एक विचारू?"

"विचार. नको म्हटलं तर काय गिळणार आहेस?"

"हे गेले असतील तर शुद्धीस्थानात, स्वर्गाच्या दाराबाहेर, अडकून पडले असतील. तिथल्या आत्म्याला स्वतःसाठी काही मागता येत नाही, आपणच मागायचं असतं. आणि आपण रोज त्यांचा दिवस बरा जाऊ दे म्हणतोय. त्यांच्या नावानं अजून चर्चात एक मिस्सासुद्धा झाली नाही."

"आणि तो जिता असला तर? डोक्याला मार बसून कुठल्या दवाखान्यात पडला असला तर? आईनंच उचलून मेलेल्यांत बसवायचा त्याला? तुला विधवा व्हायची भारी घाई गं. माझ्या तोंडानं मी लेक पुरायची नाही."

आग्नेसनं चादर झटकली आणि दोरीवर टाकली.

मार्चात चांगुणाबाईचा घसा बसला. आवाज म्हणाल तर फाटक्या भात्यासारखा. सकाळी तिनं सुनेला हातानंच खुणावलं, आज तू घे. वर डोळेही वटारले. पोरगी काय करते ते बघतेच, असं मनात होतं तिच्या.

आग्नेसनं भावाचं नाव घेतलं. पाय मोडून पडलेल्या शेजारच्या कौसाबाईचं घेतलं. फादरांचं घेतलं. इग्नासचं नाही.

मेलीनं शेवटी डाव साधला, असं मनाशी म्हणत चांगुणाबाई पुढच्या नावांची वाट बघत बसली. इग्नासचे वडील पेत्रस. आग्नेसची आई. मग आग्नेस थांबली आणि सरळ शेवटच्या आमेनवर आली.

चांगुणाबाईनं तिचं मनगट धरलं. "माझा पोरगा कुठाय?"

"जित्यांत घेतलं तर त्यांचं नुकसान, आत्याबाई. मेलेल्यांत घेतलं तर तुम्ही मोडून पडाल. मला नाही जमलं."

चांगुणाबाईनं तिचं मनगट सोडलं. इग्नास कामाला होता त्या कारखान्यानं त्याच्या जागी दुसरा माणूस घेतला होता. चाळीतल्या बायका त्याचा विषय निघाला की पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागत. त्याचं नाव फक्त इथं, या गुडघाभर जागेत उरलं होतं, आणि आज इथंही तो नव्हता. जित्यांत नाही, मेलेल्यांत नाही. असं बेवारस तर कुणी रस्त्यावरचं कुत्रंही ठेवत नाही.

विझवायला उचललेली मेणबत्ती तिनं परत जागेवर ठेवली.

"पेत्रस," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्याच्याजवळ त्याचा लेक. इग्नास."

जबाब आग्नेसनं द्यायचा होता. तिनं पदर तोंडात कोंबला होता. तेव्हा चांगुणाबाईनंच दिला, "त्याला चिरशांती दे, प्रभू," आणि सुनेच्या पाठीवर हात ठेवून तिला रडू दिलं.

"आता तोंड धू," ती थोड्या वेळानं म्हणाली. "मिस्सा सांगायला जायचंय. असलं सुजकं थोबाड घेऊन फादरांपुढं उभी राहू नकोस."

सून उठली. चांगुणाबाईला मात्र उठता येईना. ती गुडघ्यांवरच बसून राहिली.