चार डब्या, एकच पोट

चार डब्या माझ्या टेबलावर आल्या. वरच्या चिठ्ठ्यांचं अक्षर सुरेख: साहेब, मॅडम, आजी, स्वयंपाकीण. शेवटच्या चिठ्ठीवर लाल रेघ. ही स्वयंपाकीण म्हणजे माझी थोरली जाऊ, हे डब्या आणणाऱ्या बंगल्यातल्या मॅडमना माहीत नव्हतं आणि मीही सांगायला गेले नाही.

या लॅबमध्ये मी काचपट्ट्या धुवायला लागले होते. धुता धुता बघायला शिकले. आता संडासच्या रिपोर्टवर डॉक्टर सही करतात, बघते मी.

मॅडमच्या सात वर्षांच्या मुलीला फिट आली होती. स्कॅनमध्ये मेंदूत चपट्या जंताची गाठ निघाली. डॉक्टरांनी लिहून दिलं की घरात कुणाच्या तरी पोटात हा जंत आहे आणि त्याची अंडी हातावाटे मुलीच्या तोंडात गेलीत, तेव्हा सगळ्यांची तपासणी करा.

"सगळ्यांची म्हणजे आपली एक पद्धत," मॅडम नाकाला रुमाल लावून म्हणाल्या. "आमच्यात असलं काही होत नाही हो. स्वयंपाकिणीचा रिपोर्ट आजच द्या. उद्या तिला काढायचीय."

जाऊबाई त्या घरात अकरा वर्षं रांधतायत. राहतात मागच्याच खोलीत, म्हणजे कामाबरोबर छप्परही जाणार. आमचं सख्य असं नाही. माझ्या भाजीला नावं ठेवणं हा त्यांचा जुना विरंगुळा. पण हा जंत पोटात येतो तो कच्च्या राहिलेल्या मांसातून, आणि त्या मांस शिजवतात ते चपलेचा तळ होईपर्यंत. त्यांच्या हातून कच्चं काही सुटेल, हे माझ्या गळी उतरेना.

साहेबांची डबी उघडली. काळपट हिरवं, लोहाच्या गोळ्या घेणाऱ्याचं असतं तसं. त्यात मक्याची सालं. मॅडमची उघडली. काळपट हिरवं, मक्याची सालं. आजींची तीच कथा. चौथ्या डबीचं काय सांगायचं? चारही काचेवर घेऊन बघितल्या, एक अंडं नाही. त्या बंगल्यात पोट एकच होतं, आणि ते ठणठणीत होतं.

जाऊबाईंना फोन लावला.

"वहिनी, लोहाच्या गोळ्या घेता?"

"घेते की. चक्कर येते."

"डब्या किती दिल्यात?"

"चार. मॅडम म्हणाल्या, लॅबला जास्त लागतं. एवढ्याचं करतात काय गं? तुझ्याकडेच येतं का ते?"

"माझ्याकडेच."

"तरीच तुझ्या भाजीला चव नाही."

मॅडम बाहेर बाकावर बसल्या होत्या, पर्स मांडीवर, बाकाला कोपर लागू न देता. आत बोलावलं.

"साहेब लोहाच्या गोळ्या घेतात?"

"नाही. का?"

"चौघांनी एकाच दिवशी मका खाल्ला आणि चौघांनाही तो पचला नाही, म्हणून विचारलं."

त्यांनी रुमाल खाली घेतला. "मला नाही जमत ते. डबी धरून वगैरे. किळस येते."

पोरीच्या डोक्यात गाठ आणि बाईंना किळस. दुसऱ्याची विष्ठा चार डब्यांत भरून घ्यायला मात्र आली नव्हती.

"मॅडम, कधी पांढरं, चपटं, ओल्या नाडीच्या तुकड्यासारखं काही पडलेलं दिसलं?"

त्यांचा चेहरा उतरला. "मला वाटलं, भाजीतलं असेल."

"किती दिवस?"

"वर्षभर. पण मी बाहेर फक्त क्लबात खाते. डुकराचं मांस तिथं मस्त करतात, आतून गुलाबी ठेवतात."

मी नवी डबी पुढे केली आणि मागच्या संडासचं दार दाखवलं. पंधरा मिनिटांनी आल्या. डबीत दोन पांढरे तुकडे होते. त्यातला एक तुकडा दोन काचांमध्ये दाबून जंताच्या गर्भाशयाच्या फांद्या मोजल्या. एका बाजूला नऊ; गाईच्या मांसातल्या जंताला पंधराच्या आसपास असतात. डुकराकडूनच आलेला.

"हा रिपोर्ट तिच्या नावावर निघाला तर?" मॅडम अगदी हळू म्हणाल्या. "मी तिला दुसरीकडे काम लावून देईन. चांगल्या घरी."

इतकी वर्षं मी जंत बघतेय. त्यांना ना डोळे, ना तोंड, तरी त्यांनी माझ्याकडे असलं काही मागितलं नव्हतं.

"निघेल," मी म्हटलं. "मग गोळी तिला मिळेल, जंत तुमच्यात राहील आणि पुढची गाठ मुलीला होईल. कुठलं नाव लिहू?"

मॅडम म्हणाल्या, "मुलीला मीच भरवते. दोन्ही वेळा. त्या घरात तेवढंच एक काम मी स्वतः करते."

मी त्यांचं नाव लिहिलं, डॉक्टरांची सही घेतली आणि साहेबांच्या आणि आजींच्या डब्या खऱ्या आणायला सांगितल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी जाऊबाईंचा फोन आला.

"मॅडमनी कागद मला वाचून दाखवला. राहा म्हणाल्या. मी म्हटलं, राहीन, पण तुमचा रिपोर्ट साफ येईपर्यंत ओट्याला हात लावायचा नाही."

"आणि मुलीला भरवायचं?"

"ते कसं बंद करणार गं? पोर दुसऱ्या कुणाच्या हातून घास घेत नाही. आधी त्यांची नखं कापली मी, पार मुळापर्यंत. रडत होत्या. म्हटलं, रडा, पण बोट हलवू नका."