पश्चिमेच्या भिंतीचे पत्रे

सोमवार तोंडावर आला, तरी घराचं काम काही संपेना! राहात्याजवळच्या वस्तीवर विजयमालाबाईंच्या सोळा सोमवारांचं उद्यापन होतं. पावसाचा मारा अडवायला पश्चिमेच्या भिंतीला ठोकलेले जुने सिमेंटचे पत्रे रामहरी मिस्त्री हातोड्याने फोडून काढत होता. देवघरातल्या पिंडीवर दिवसातून तीनदा करडी धूळ बसायची. झटकून झटकून बाई मेटाकुटीला आल्या.

"अहो मिस्त्री, जरा सावकाश!"

"धुळीबिगर घर हुतं का, वहिनी?" रामहरी हसला.

एवढ्या वैतागात समाधान एकच. चांगले आठ पत्रे त्यांनी दानासाठी बाजूला ठेवले होते. ओढ्याकाठी उसाच्या पाचटाच्या झोपडीत, कोपीत उतरलेल्या, ऊस तोडणाऱ्या केशरबाईच्या लेकीला महिन्याचं बाळ होतं. लेकराला आडोसा, उद्यापनाला पुण्य!

केशरबाई आली आणि पत्रे बघून दोन पावलं मागे सरली.

"न्हाई ताई. हे नको आमाला."

"फुकट देतेय, तरी नाक मुरडायचं?"

"माजा भाऊ धा वर्सं असले पत्रे कापायला हुता. यात अ‍ॅस्बेस्टॉस असतंय. फोडलं की बारीक तुसं उडत्यात, छातीत रुतत्यात, ती निघत न्हाईत. दाक्तरच बोलले. आता त्याला मोरीपतुर चालवत न्हाई. तुमाला भिंतीवर नको झालेलं माज्या नातवाच्या उशाशी ठिवू व्हय? दान हाय का हे?"

विजयमालाबाईंनी रागानं फडकं झटकलं, तशी करडी धूळ उडाली. त्यांनी आपल्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. अगं बाई! पिंडीवरची हीच धूळ आपण चार दिवस झटकतोय!

"मिस्त्री, हातोडा खाली ठेवा!"

"आन् सोमवारचं उद्यापन?"

"पुढच्या सोमवारी. महादेवाला घाई नाही, आपल्यालाच आहे."

नाकाला मास्क बांधून, पाणी मारून, बोल्ट सोडवून उरलेले पत्रे अखंड उतरवले. तुकडे आणि दानाचे ते आठ पत्रे ओले करून जाड प्लास्टिकमध्ये बांधले. ते द्यायचे कुठं, हे विचारायला बाईंनी चार फोन केले. जो तो दुसऱ्याचा नंबर देई. नुसता संताप! ओढ्यात लोटून मोकळं व्हावं, असं क्षणभर वाटलंही. पण ओढ्याकाठी कोपी होती. त्यांनी पाचवा नंबर लावला.

पडवीसाठी आणलेले नवे लोखंडी पत्रे मात्र त्याच दिवशी कोपीवर गेले.

बायांनो, बंधूंनो, घर नवं करताना जुनं कुठं जातं, तेवढं विचारा. आपल्या दारातलं विष दुसऱ्याच्या दारात ठेवणं, याला दान म्हणू नये. देवाच्या नावानं तर मुळीच नाही!