न लागलेलं विरजण

दूध-संकलन केंद्राच्या पटांगणात मुंगीला शिरायला जागा नव्हती. मधोमध खुर्ची, खुर्चीत राखबाबा आणि त्यांच्या हातात काचेचा पेला.

"कालचं दूध! रात्रभर बाहेर होतं! आंबलं का? नासलं का? वास घ्या, वास! माझ्या राखेपुढे भलेभले डॉक्टर पाणी भरतात!"

लोक रांगेने वास घेत होते. शिळ्या दुधाचा वास इतक्या भक्तिभावाने कुणी घेतल्याचं आजवर ऐकिवात नाही.

मागे भिंतीला टेकून गुरांची डॉक्टरीण उभी होती. घरोघर दूध घालून तिला शिकवणारा दादा जाऊन आज दहा दिवस झाले होते, आणि तिला अजून धड रडताही आलं नव्हतं. समोर वहिनी बसली होती. तिच्या मांडीवर दोन वर्षांची धाकटी होती आणि पोरीच्या ओठाला तेच दूध.

बाबांचं काम सुटसुटीत होतं. गाईची कास सुजली की ते राखेचं पाणी बारीक नळीने सडात सोडत. दोन दिवसांत सूज उतरे. खरंच उतरे, हीच तर गोम होती! डॉक्टरीणही सडात औषध सोडायची, पण वर बजावायची, "चार दिवस हे दूध ओतून टाका." बाबा म्हणत, "एक थेंब सांडलात तर राख कोपेल!" मग लोक कुणाकडे जाणार? दादाही बाबांकडेच गेला. बहिणीला वाईट वाटेल म्हणून तिला न सांगता गेला.

दादाला पेनिसिलिन चालत नसे. लहानपणी एका इंजेक्शनने तो मरता मरता वाचला होता. कुठल्याही दवाखान्यात तो बसायच्या आधी तेच सांगायचा. पण राखेला कोण विचारतं, बाई गं, तुझ्यात काय आहे? त्या सकाळी राख सोडलेल्या गाईचं पेलाभर दूध प्यायला, अंगावर गांधी उठल्या, घसा आवळला, आणि दवाखान्याच्या दारातच तो गेला.

"कोणतं औषध घेतलं होतं?" तिथल्या डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच नाही हो, नुसतं दूध," वहिनी म्हणाली.

लोकांनी मात्र निदान करून टाकलं: बहिणीचा अविश्वास भावाला भोवला.

डॉक्टरीण पुढे झाली. "बाबा, चिमूटभर राख द्याल?"

"पोतंभर घे!"

तिने केंद्रातल्या खोलीत तीन वाडगी मांडली. पहिल्यात निरोगी गाईचं दूध. दुसऱ्यात दादाच्या गाईचं, जिला कालच पुन्हा राख सोडली होती. तिसऱ्यात पहिलंच दूध, पण राख कालवून. विरजण वहिनीच्या घरचं, लावलं वहिनीनेच. खोलीला कुलूप घातलं आणि किल्लीही तिच्याच कमरेला.

संध्याकाळी गर्दी दुप्पट झाली. वहिनीने कुलूप काढलं. पहिल्या वाडग्यात घट्ट दही. उरलेल्या दोन्हींत दूध तसंच पातळ.

"श्रद्धा नव्हती!" बाबा गरजले.

"लावणाऱ्या हाताला होती की," डॉक्टरीण म्हणाली. "दूध आंबवतात ते जिवाणू. राखेत मिसळलेलं पेनिसिलिन त्यांना मारतं, म्हणून दूध आंबत नाही आणि दहीही लागत नाही. उकळलं तरी ते औषध जात नाही."

बाबांना अचानक दुसऱ्या गावचं बोलावणं आठवलं. फाटकाशी लोकांनी त्यांना अडवलं.

वहिनी मात्र वाडग्यांपाशीच बसून होती. "वन्सं," ती हळूच म्हणाली, "त्या सकाळी ते नको म्हणत होते. पोट भरलंय म्हणाले. मीच आग्रह केला. म्हणजे मीच..."

हो म्हणणं क्रूर होतं, नाही म्हणणं खोटं. डॉक्टरीण वहिनीला बिलगली आणि दहा दिवसांचं रडू एकदम फुटलं.

मग डोळे न पुसताच ती लोकांकडे वळली. "माझ्यावरही विश्वास ठेवू नका. फक्त विचारा. जनावराच्या अंगात जे जातं, ते दुधातून तुमच्या लेकरांच्या पोटात जातं. देणारा बाबा असो की डॉक्टर, विचारा, यात काय आहे? दूध किती दिवस ओतून टाकायचं? दुधाची नासाडी सोसते हो. माणूस गेल्यावर मिळालेलं उत्तर काही कामाचं नाही."