वेल्थुरच्या कपाळावरच्या आठ्या

रावन्थूबाई चौथ्यांदा आल्या आणि चौथ्यांदा तेच म्हणाल्या, "हा माझा नवरा नाही."

मी पाठ फिरवून माती मळत राहिलो. नाहीतर तोंडातून भलतंच काही निघालं असतं. त्यांच्या नवऱ्याच्या शवपेटीचं झाकण माझ्या अंगणात तयार होतं. मातीचा पलंग, त्यावर कोपरं टेकून रेललेले नवराबायको, त्याचा उजवा हात तिच्या खांद्यावर. आमच्या काइस्रा गावात माणूस मेल्यावरही जेवणाच्या पलंगावरच असतो आणि शेजारी बायको असते. रोमवाले आपल्या बायकांना जेवताना खुर्चीवर बसवतात म्हणे. त्यांचं त्यांना लखलाभ.

"बाईसाहेब, काय कमी आहे ह्याच्यात?"

"हसतोय."

"सगळेच हसतात."

"वेल्थुर हसायचा नाही. तीस वर्षांत मला त्याचे दात दिसले नाहीत. पलंग माझाही आहे, सेथ्रे. उद्या मी मेले की ह्या परक्या माणसाशेजारी येऊन निजू?"

चेहऱ्याचा साचा माझ्या बापाचा. त्यातून काढलेलं डोकं मानेत बसवायचं, दाढी हवी तर लावायची, की झालं काम. अर्ध्या गावाचे पूर्वज त्याच ओठांनी हसत डोंगराच्या पोटात पडलेत आणि आजवर एकानेही तक्रार केलेली नाही. विधवा येतात, रडतात, डोळे पुसून घरी जातात. ही बाई रडतच नव्हती. नुसती बघत होती, आणि त्याने माझं डोकं फिरत होतं.

पहिल्यांदा आली तेव्हा नाक लांब करायला सांगितलं. केलं. दुसऱ्यांदा म्हणाली, आता हा त्याचा भाऊ दिसतोय. नाक आखूड केलं. तिसऱ्यांदा, झाकण भट्टीत मावावं म्हणून मी ते तार फिरवून दोन भागांत कापत होतो, तर किंचाळली, "माझ्या मांडीतून तार घालतोस?" भाजल्यावर दोन्ही तुकडे जोडतो, सांधा दिसतसुद्धा नाही, हे समजावण्यात अर्धी दुपार गेली. वर दफनाचा दिवस ठरलेला. मेंढराचं काळीज बघून भटाने पौर्णिमा सांगितली होती. ती चुकली तर पुढचा शुभ दिवस वर्षाने, आणि तोवर वेल्थुरच्या अस्थी घरात तेलाच्या रांजणांशेजारी पडून राहणार.

"तसा चेहरा नको, मग कसा हवा ते तरी सांगा," मी म्हणालो.

"सांगतेय ना. तू ऐकतोस कुठं?"

त्या गेल्यावर मी ठरवलं, बास झालं. हेच डोकं भाजून टाकायचं. एकदा माती पक्की झाली की बाई काय करणार, दाताने कुरतडणार?

माझी बायको हस्तिया रंग खलत बसली होती. भाजून निघालेल्या मूर्ती ती रंगवते. पुरुष तांबडे, बायका पांढऱ्या. "सेथ्रे," ती म्हणाली, "भट्टीच्या मागच्या भिंतीला चीर पडलीय. माझा हात आत जातो."

"हं," मी म्हणालो.

"लिंपून घे आधी."

"हं."

"पालथ्या घड्यावर पाणी," ती म्हणाली आणि पुन्हा खलायला लागली.

मी भट्टी पेटवली. दुसऱ्या दिवशी दुपारी मागची भिंत आत ढासळली. पलंग वाचला, बाईचं डोकं वाचलं, दोघांची अंगं वाचली. विटा पडल्या त्या नेमक्या वेल्थुरच्या डोक्यावर. पौर्णिमेला बारा दिवस उरले होते. हस्तिया खापऱ्या वेचत होती. "मी सांगितलं होतं" असं ती म्हणाली असती तर मला भांडता तरी आलं असतं.

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, रावन्थूबाई दारात उभ्या.

मला वाटलं, आता ही बाई मला गावभर बदनाम करणार. पण त्या वाकल्या, ओठांची एक खापरी उचलली आणि बाजूला ठेवली. "बरं झालं," म्हणाल्या, आणि मातीच्या ढिगाशेजारी चक्क जमिनीवर बसल्या. मी त्यांच्यासमोर उभा. माती आधीच मळून ठेवलेली, भट्टी पडलेली. हातांना काही काम नव्हतं म्हणून ऐकावं लागलं.

"संध्याकाळी जेवायला रेललो की मी बोलत सुटायची," त्या म्हणाल्या. "पिर्गीच्या बंदरात कुणाचं जहाज अडकलं, लग्नात कोण रुसलं, छपरात कुठं गळतंय. त्याच्या कपाळावर ह्या आठ्या. पाहुण्यांना वाटायचं, आता हा हिच्यावर ओरडणार. ओरडायचा नाही. हूं की चूं नाही. आणि चार दिवसांनी बघावं तर गळकं कौल बदललेलं असायचं. लोक म्हणायचे, रावन्थूचा नवरा कायम चिडलेला. तो चिडलेला नसायचा रे. माझं ऐकत असायचा."

मी मात्र चिडलेलोच होतो. चार खेपा, एक भट्टी, बारा दिवस. आणि छपराचं ऐकल्यावर माझी नजर त्या ढासळलेल्या भिंतीकडे गेली. चिरेचं मला सांगितलं होतं, दोनदा.

"हलू नकोस," बाई म्हणाल्या.

"काय?"

"असाच उभा राहा. हेच. ह्याच आठ्या."

पिशवीतून त्यांनी आपला काशाचा आरसा काढून माझ्या हातात दिला. त्यात मी होतो. भुवया जवळ आलेल्या, ओठ मिटलेले, नाकाशेजारी राख. आयुष्यात पहिल्यांदा मी साचा न वापरता डोकं केलं. एका हातात आरसा, दुसरा मातीत. बाई शेजारी बसून अंधार पडेपर्यंत बोलत होत्या. त्या गप्प झाल्या की आठ्या जायच्या, म्हणून त्यांना बोलायलाच लावलं.

डोकं सावलीत सात दिवस वाळलं. तेवढ्या दिवसांत हस्तियाने भिंत उभी केली आणि दोनदा लिंपली. मी तिला चिखल दिला. डोकं भाजून निघालं तेव्हा कुठे तडा नव्हता. बाईंनी त्याच्या गालाला हात लावला आणि तेव्हा मात्र रडल्या. पौर्णिमा परवावर होती.

हस्तिया रंगवायला बसली. माझ्या मनावरचं ओझं उतरलं होतं, थट्टा सुचत होती. "बघ," मी म्हणालो, "मेल्यावरसुद्धा मी दुसऱ्या बाईच्या खांद्यावर हात टाकून पडणार. सगळं गाव हसेल. तुला काहीच वाटत नाही?"

तिने कुंचला थांबवला. डोक्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा डोक्याकडे.

"तू कुठं आहेस ह्यात?"

"नाक बघ. भुवया बघ. आरशात बघून केलंय."

"नाक तुझं आहे," ती म्हणाली. "पण हा ऐकतोय."

तिने कुंचला तांबड्या रंगात बुडवला आणि त्याचा कान रंगवायला घेतला. सकाळपासून ती मला काहीतरी सांगत होती. काय ते मला काही केल्या आठवेना.