तीन प्रार्थना आणि मी, सूपचं पातेलं

मी पातेलं बोलतंय. शंभर माणसांचं सूप मावेल एवढं माझं पोट आहे.

तीन चर्चनी मिळून मला विकत आणलं. फादर, पास्टर आणि पाळकसाहेब, तिघांनी एकेक कान धरून मला उचललं. मला दोनच कान आहेत, त्यामुळे पास्टरांनी काठ धरला. फोटो काढून झाल्यावर मला चुलीवर चढवलं ते स्वयंपाकाच्या मावशीने. रोज दुपारी वस्तीला गरम जेवण मिळू लागलं, आणि खरं सांगायचं तर, सुरुवातीला मला फार धन्य वाटायचं.

मग प्रश्न निघाला, जेवणाआधी प्रार्थना कोणी करायची? कोणाचं मन दुखायला नको म्हणून ठरलं, तिघांनीही करायची. झालं! एकाची पाच मिनिटं झाली की दुसरा सात घ्यायचा. आधी आमेन म्हणायला कोणीच तयार नाही. माझ्यातल्या सूपवर साय धरायची.

रांगेत एक गवंडी यायचा. त्याची बायको नुकतीच दवाखान्यातून घरी आली होती आणि तिच्या पोटात फक्त हे सूपच टिकायचं. त्याला जेवणाची सुट्टी अर्धाच तास. एका दुपारी पाळकसाहेबांची प्रार्थना संपता संपेना. गवंडी हळूच म्हणाला, "मावशी, डब्यात ओता ना जरा. उशीर झाला तर मुकादम आत घेत नाही."

मावशीने डाव बुडवला. पाळकसाहेबांनी एक डोळा उघडला. "थांबा बाई, प्रार्थना चाललीय."

गवंडी रिकाम्या डब्याला झाकण लावून निघून गेला. मी तुडुंब भरलेलं होतं. मला स्वतःचीच किळस आली.

पुढचे दोन दिवस तो आलाच नाही. तिसऱ्या दिवशी मावशी किटली भरून त्याच्या घरी गेली, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "तिला परत दवाखान्यात नेलंय. दोन दिवस पोटात काही नव्हतं हो."

मावशीने परत येऊन तिघांना सगळं सांगितलं. तिघांचेही चेहरे उतरले. फादर म्हणाले, "आपण तिच्यासाठी प्रार्थना करू या."

आणि तिघांनीही केली, एकामागून एक, रांग तशीच उभी ठेवून.

भल्या माणसांनो, मी साधं भांडं आहे, मला धर्मातलं काही कळत नाही. पण माझं एवढं ऐका. आधी माझं झाकण उघडा, मग तुमचे डोळे मिटा.